आधी दिसतंय ते सांगा: चित्रपट रसास्वादाची सुरुवात करणाऱ्यांसाठी

'फँड्री' दाखवून झाला, दिवे लागले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ती काळी चिमणी कशाचं प्रतीक आहे?" महाविद्यालयातली मुलं असोत की वाचनालयात रविवारी जमणारी मंडळी, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. प्रश्न चांगला आहे, पण घाईचा आहे. चिमणी म्हणजे स्वप्न, चिमणी म्हणजे प्रेम, चिमणी म्हणजे मुक्ती, असं एक उत्तर वहीत लिहून टाकलं की मुलांना चित्रपट समजल्यासारखा वाटतो आणि तिथेच बघणं थांबतं.

प्रतीकांचा शब्दकोश नसतो. एका चित्रपटात पाऊस म्हणजे सुटका असेल, दुसऱ्यात तोच पाऊस छत गळायची भीती असेल. वस्तूला अर्थ येतो तो त्या चित्रपटात ती कुठे, किती वेळा, कोणाच्या हातात आणि कशाच्या शेजारी दिसते यावरून. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की आधी दिसतंय ते सांगा, ऐकू येतंय ते सांगा, अर्थाचं नंतर बघू. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः 'फँड्री' (२०१३) घेतला आहे आणि जोडीला 'कोर्ट' (२०१४). दोन्ही मराठी, दोन्ही दिग्दर्शकांचे पहिले पूर्ण लांबीचे चित्रपट, आणि गोष्ट सांगण्याची रीत मात्र एकदम वेगळी. पाहिले नसतील तर आधी ते पाहून या, कारण पुढे शेवटासकट सगळं बोलायचं आहे.

पहिली पायरी: एकदा नुसता बघा

पहिल्यांदा बघताना वही-पेन बाजूला ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मध्ये थांबवू नका, चहाला उठू नका. चित्रपट तुमच्यावर काय करतो हे तुम्हाला आधी कळायला हवं: कुठे हसू आलं, कुठे कंटाळा आला, कुठे मान खाली गेली. संपल्यावर पाच मिनिटं शांत बसा आणि डोळ्यांसमोर जी तीन दृश्यं आपोआप येतील ती लिहून ठेवा. त्यांची नावं शोधू नका, "भिंतीजवळून जातात ते" असं लिहिलं तरी चालेल. पुढचं सगळं काम या तीन दृश्यांवर करायचं आहे.

दुसरी पायरी: एक दृश्य निवडा आणि आवाज बंद करा

तीनातलं एक दृश्य घ्या, दोन-तीन मिनिटांचं. आवाज पूर्ण बंद करून बघा आणि फक्त दिसणाऱ्या गोष्टी लिहा. "तो दुःखी आहे" हे दिसत नाही, ते आपण ठरवतो. "तो खाली बघतो, दोन्ही हात मांडीवर आहेत, मागे दार उघडं आहे" हे दिसतं. सुरुवातीला हा फरक फार जड जातो. मन सारखं निष्कर्षाकडे पळतं. त्याला परत परत ओढून चौकटीत, म्हणजे पडद्यावर दिसतं तेवढ्यात, आणायचं.

आपण 'फँड्री'मधलं राष्ट्रगीताचं दृश्य घेऊ. गोष्ट थोडक्यात अशी: जब्या शाळेत जाणारा मुलगा आहे, त्याचं कुटुंब कैकाडी समाजातलं. फँड्री हा शब्दही कैकाडी बोलीतला, अर्थ डुक्कर. वर्गातली शालू जब्याला आवडते. इकडे घरात बहिणीच्या लग्नाला पैसा हवा आहे, आणि बाप कचरू माने गावातली डुकरं पकडायचं काम अंगावर घेतो. सगळं कुटुंब त्यात उतरतं, आणि हे घडतं शाळेच्या अगदी जवळ, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

डुक्कर कोंडीत सापडलेलं आहे. घरातली माणसं वाकलेली, हात पसरलेले, पुढच्या क्षणी झडप घालणार. आणि जब्या थांबतो. ताठ उभा राहतो. मग बाकीचेही एकेक करून उभे राहतात. कोणी हलत नाही. डुक्कर मात्र आपल्या वाटेने चालत निघून जातं. आवाज बंद असताना हे एवढंच दिसतं, आणि ते अगदी चमत्कारिक दिसतं: हाताशी आलेली गोष्ट सोडून सगळं घर पुतळ्यासारखं उभं.

आता आवाज चालू करा.

तिसरी पायरी: आवाज कुठून येतो ते शोधा

शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आहे. गाणारी मुलं आपल्याला भिंतीपलीकडची, आणि जब्याचं कुटुंब भिंतीबाहेर. वयाने, हक्काने जब्याची जागा त्या गाणाऱ्या रांगेत आहे, आणि तो उभा आहे डुकराच्या मागे. राष्ट्रगीताला थांबायचं हे त्याला शाळेनेच शिकवलं. ते तो पाळतो, बापालाही पाळायला लावतो. ज्या व्यवस्थेचा आवाज कानी पडताच ही माणसं हातातलं काम सोडून उभी राहतात, ती व्यवस्था त्यांच्यासाठी काय करते, हा प्रश्न कोणीही तोंडाने विचारत नाही. आवाज चौकटीबाहेरून येतो, माणसं चौकटीत उभी आहेत, आणि त्या दोहोंमधल्या अंतरात तो प्रश्न आहे.

या दृश्याला प्रेक्षक आधी हसतात. मी दर वेळी ते हसणं ऐकतो आणि ते मध्येच कसं विरतं तेही ऐकतो. हसू येणं चूक नाही, दृश्य तसंच रचलेलं आहे. पण ते विरलं कुठे, कोणत्या चेहऱ्यावर, हे नोंदवून ठेवा.

आवाजाचा सराव म्हणून उलटही करा: पडद्याकडे पाठ करून तेच दृश्य नुसतं ऐका. गावातल्या चित्रपटात लाउडस्पीकर, कोंबडे, हलगी, दूरचं वाहन यांतून केवढी जागा उभी राहते ते कळेल. शहरातल्या 'कोर्ट'मध्ये ऐकाल तर टाइप करणं, खुर्च्या सरकणं आणि न्यायाधीशांनी साक्ष कारकुनाला सांगून लिहून घेणं, यातून न्यायालयाचा सगळा कंटाळा आणि सगळा धाक उभा राहतो.

चौथी पायरी: कॅमेरा कुठे उभा आहे?

इथे तांत्रिक शब्दांना घाबरू नका. चार शब्द पुरतात: लाँग शॉट म्हणजे माणूस आणि त्याचा परिसर दोन्ही दिसतात, मिड शॉट म्हणजे साधारण कमरेपासून वर, क्लोजअप म्हणजे चेहरा किंवा वस्तू जवळून, आणि कट म्हणजे एका चित्रणावरून दुसऱ्यावर उडी. खरा प्रश्न शब्दांचा नाही. कॅमेरा ज्या जागी ठेवला, तिथे एखादं माणूस उभं असतं तर ते कोण असतं, हे विचारा.

'कोर्ट'मध्ये दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कॅमेरा बहुतेक वेळा लांब आणि स्थिर ठेवतात. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे की त्यांच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. आपण हे सगळं न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसल्यासारखं बघतो. कोणाच्या डोळ्यांतलं पाणी जवळून दाखवून आपला कौल मागितला जात नाही. मृत कामगाराची बायको साक्षीला येते आणि सांगते की गटारात उतरण्याआधी नवरा झुरळं बाहेर येतात का ते बघायचा, झुरळ दिसलं तर आत हवा आहे असं समजायचा. एवढं भयंकर वाक्य, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. नवख्या प्रेक्षकाला हे कोरडं वाटतं. दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं की न्यायालयही त्या वाक्याने जागचं हललेलं नाही.

'फँड्री'त याच्या उलट. तिथे आपण बराच वेळ जब्याच्या खांद्याशी असतो, त्याच्या नजरेने शालूकडे बघतो. कोणती रीत श्रेष्ठ हा वाद निरर्थक आहे. प्रत्येक रीत प्रेक्षकाला एका जागी बसवते, ती जागा ओळखता आली पाहिजे.

कटबद्दल एकच गोष्ट सांगतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला: सूपची वाटी, शवपेटीतलं मूल, एक स्त्री. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी दुःख, कधी अभिलाषा दिसली. दोन चित्रं शेजारी ठेवली की तिसरा अर्थ प्रेक्षक स्वतः तयार करतो. म्हणून एखाद्या दृश्यात "तो तिच्याकडे प्रेमाने बघतो" असं लिहिताना तपासा, ते प्रेम खरंच चेहऱ्यावर आहे की आधीच्या आणि नंतरच्या चित्रात.

पाचवी पायरी: आता प्रतीकाकडे

आता चिमणीचा प्रश्न घेऊ. प्रतीक आहे असा संशय आलेल्या वस्तूला मी तीन कसोट्या लावायला सांगतो.

एक, ती वस्तू किती वेळा येते आणि दर वेळी काय बदलतं? लांब शेपटीची काळी चिमणी जब्या सुरुवातीपासून शोधतो, गलोल घेऊन बाभळीच्या रानात हिंडतो. ती दिसते, उडते, हाती लागत नाही.

दोन, चित्रपटातली माणसं तिला काय मानतात? ही चिमणी जाळून तिची राख जिच्यावर टाकाल ती तुमच्या प्रेमात पडते, असं गावातल्या चंक्याने जब्याच्या डोक्यात भरवलेलं असतं. म्हणजे गोष्टीच्या आत चिमणी हे वशीकरणाचं साधन आहे. ती स्वातंत्र्य वगैरे आहे हे आपण बाहेरून आणलं.

तीन, ती बदलून बघा. काळ्या चिमणीऐवजी पोपट असता तर? मोराचं पीस असतं तर? इथे गंमत उलगडते. चिमणी साधी, गावात कुठेही सापडणारी. ही मात्र काळी. जब्याही काळा आहे, आणि शालू गोरी आहे हे चित्रपट आपल्याला सारखं दाखवत असतो. आपल्या रंगाचा जीव पकडून, जाळून, त्याची राख केल्यावरच पलीकडचं प्रेम मिळेल, असं त्या पोराला सांगितलं गेलंय. "चिमणी म्हणजे स्वप्न" या उत्तरात हे कुठेच येत नाही. त्या स्वप्नाची किंमत त्याने स्वतःच्याच जातकुळीचं काहीतरी जाळून मोजायची आहे.

मग चिमणीच्या शेजारी डुक्कर ठेवा. एक वर, झाडाच्या शेंड्यावर, दुसरं खाली, चिखलात. एकामागे जब्या आपल्या मर्जीने धावतो, दुसऱ्यामागे त्याला धावायला लावलं जातं. पाठलाग दोन्हीकडे तोच. अशी जोडी सापडली की प्रतीक एकटं राहत नाही, चित्रपटाच्या सांगाड्याचा भाग होतं.

आणि ज्या वस्तूबद्दल मला आजवर जवळपास कोणीच विचारलेलं नाही ती म्हणजे दगड. गलोलीत दगड असतो. तो सुरुवातीला पाखरावर रोखलेला आहे. शेवटाला त्याच पोराच्या हातात दगड आहे, आणि आता तो टवाळी करणाऱ्यांवर आहे. ठळक, विचित्र वस्तू चटकन प्रतीक वाटते. साधी, वापरातली वस्तू नजरेतून निसटते, आणि पुष्कळदा चित्रपटाचा सगळा भार तिनेच उचललेला असतो. म्हणून यादी करताना चमकणाऱ्या गोष्टींच्या खाली साध्या गोष्टींसाठी चार ओळी रिकाम्या ठेवा.

भिंतीच्या दृश्याबद्दल थोडं. मारलेलं डुक्कर काठीला बांधून जब्या आणि घरचे खांद्यावर घेऊन निघतात, मागे शाळेची भिंत, तिच्यावर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची रंगवलेली चित्रं. इथे प्रतीक शोधावं लागत नाही, ते समोरच आहे, आणि काही समीक्षकांना ते फार उघड वाटतं. मला तसं वाटत नाही. महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतींवर ही चित्रं खरोखर असतात. दिग्दर्शकाने ती आणून ठेवल्यासारखी वाटत नाहीत, त्याने फक्त माणसांना त्यांच्यासमोरून चालवलं. एकदा चर्चेत मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "सर, हे फोटो आमच्या शाळेच्या भिंतीवर पण होते. मी रोज तिथे सायकल लावायचो." पुढे तो काही बोलला नाही आणि मीही काही जोडलं नाही.

सहावी पायरी: कोण दिसतं, कोण बोलतं, कोणाला नाव आहे?

याला प्रतिनिधित्व म्हणतात. सुरुवात मोजणीपासून करा. चित्रपटात कोणाला नाव आहे, कोण नुसतं "मोलकरीण", "हवालदार" आहे, कोण पूर्ण वाक्यं बोलतं, कोणाला घर दाखवलंय. मोजणीने सगळं कळत नाही, पण तिच्याशिवाय बोलणं हवेत जातं.

पडद्यावर कोणी कोणाच्या जागी उभं राहायचं हा प्रश्न आपल्या चित्रपटाइतकाच जुना आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण चित्रपटात काम करायला स्त्रिया मिळेनात. त्याच वर्षी फाळक्यांच्याच पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. 'फँड्री'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेने त्याआधी चित्रपटात काम केलेलं नव्हतं, आणि या भूमिकेसाठी त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही माहिती आहे म्हणून चित्रपट आपोआप चांगला ठरत नाही. पण डुकरामागे धावणाऱ्या माणसाच्या अंगाची लय, त्याच्या शिव्या, त्याचं लाजणं कॅमेऱ्याला कुठून कळलं, याचं उत्तर थोडंफार तिथे आहे.

माणूस रंगवण्याचं एक उत्तम उदाहरण 'कोर्ट'मध्ये आहे. सरकारी वकील बाई न्यायालयात कांबळ्यांविरुद्ध कायद्याची जुनीपुराणी कलमं एका सुरात वाचून दाखवतात. मग चित्रपट त्यांच्या मागोमाग लोकलमध्ये जातो, घरी जातो. त्या स्वयंपाक करतात, सगळ्यांना वाढतात, सुट्टीला कुटुंबासोबत नाटकाला जातात आणि परप्रांतीयांची टर उडवणाऱ्या त्या नाटकाला हसतात. बचावाचे वकील सुखवस्तू घरातले, त्यांची खरेदी, त्यांची संध्याकाळ वेगळी. कोणालाही खलनायक केलेलं नाही. न्यायाधीश एका बाईचं प्रकरण तिने बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून पुढे ढकलतात तेही कसलीही पार्श्वसंगीताची टाचणी न टोचता दाखवलेलं आहे. अन्याय करणारी व्यवस्था आपल्याच घरातल्यासारख्या माणसांनी चालते, हे त्या स्वयंपाकघरातून कळतं.

आणि आवडत्या चित्रपटालाही हे प्रश्न सोडू नका. 'फँड्री'त शालूला स्वतःचं मन किती आहे? जब्या आणि ती यांच्यात धड संवादच होत नाही. आपण तिला कायम लांबून, त्याच्या डोळ्यांनी बघतो. मला हा चित्रपट अतिशय जवळचा आहे, तरी ती मुलगी बघण्याचीच गोष्ट राहते असं मला वाटतं. वर्गात यावर भांडणं होतात. काही मुली म्हणतात, बरोबर आहे, आम्हाला असंच बघितलं जातं. काही मुलं म्हणतात, त्याला तिच्याशी बोलायची वाटच गावाने ठेवलेली नाही, मग चित्रपट कुठून दाखवणार? दोन्ही बाजू दृश्यांचे दाखले देऊन बोलत असतील तर भांडण थांबवू नका.

सातवी पायरी: गोष्ट काय सांगते आणि काय लपवते

एका कागदावर घटना जशा घडल्या त्या क्रमाने दहा वाक्यांत लिहा. दुसऱ्या कागदावर चित्रपट त्या ज्या क्रमाने दाखवतो तो लिहा. दोन्ही कागद सारखे निघाले तर विचारा: कोणत्या घटनेला किती वेळ दिलाय? 'फँड्री'त डुक्कर पकडण्याला दिलेला वेळ बघा. इतर ठिकाणी दोन मिनिटांत उरकलं असतं. इथे ते संपता संपत नाही, बघे वाढत जातात, मोबाइलवर फोटो काढले जातात, आणि आपल्याला बसल्या जागी अवघडायला होतं. ते अवघडणं त्या लांबीतूनच येतं.

काय दाखवलेलं नाही, हेही लिहा. 'कोर्ट'मध्ये आपण निकालाची वाट बघतो. निकाल येत नाही. न्यायालय सुट्टीवर जातं, दिवे एकेक करून मालवले जातात, पडदा काळा होतो. वाटतं संपलं. पण चित्रपट न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो, ते बाकावर झोपलेले असतात, पोरं ओरडून त्यांना जागं करतात, आणि ते एकाला चापट मारतात. हा शेवट का, यावर एक पान लिहून काढणं हा नवख्यांसाठी मला माहीत असलेला सगळ्यात चांगला सराव आहे.

आठवी पायरी: एक पान, एक दावा

लिहिताना मोठा विषय घेऊ नका. "चित्रपटातलं जातवास्तव" यावर पानभर लिहिलं तर वर्तमानपत्रातली वाक्यं येतात. "राष्ट्रगीताच्या दृश्यात आवाज चौकटीबाहेरून का येतो" यावर लिहा. पहिल्या परिच्छेदात दृश्य सांगा, ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्यालाही दिसेल असं. मग तुमचा दावा. मग तो दावा खोटा ठरवू शकेल असं एखादं दुसरं दृश्य शोधा आणि त्याला उत्तर द्या. शेवटचं काम बहुतेक जण टाळतात आणि नेमकं तिथेच लेखन पक्कं होतं.

एकट्याने हे फार दिवस जमत नाही, सोबत शोधा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथल्या रसास्वाद अभ्यासक्रमांनी कित्येकांना बघायला शिकवलं. गावात असाल तर चार जण, एक भिंत आणि उधारीचा प्रोजेक्टर पुरतो.

सुरुवातीला लिहून ठेवलेली तीन दृश्यं आता परत काढा. त्यांत 'फँड्री'चा शेवट असेलच. जब्या दगड उचलतो, फेकतो, आणि तो दगड सरळ कॅमेऱ्याकडे, आपल्याकडे येतो. अंधार. इतका वेळ आपण त्याच्या खांद्याशी होतो असं आपल्याला वाटत होतं, आणि तो दगड येतो तेव्हा आपण बघ्यांच्या घोळक्यात उभे असतो. कॅमेऱ्याची जागा कधी बदलली ते शोधायला थोडं मागे जा, डुकराचा पाठलाग सुरू होतो तिथपासून सावकाश बघा. मग चित्रपट अगदी पहिल्यापासून लावा आणि पहिली काही मिनिटं परत बघा: रान, ऊन, गलोल ताणलेला पोरगा, आणि त्याची वर लागलेली नजर.